रविवारची मॅच न सोडता ट्रायथलॉनची तयारी कशी करावी

ट्रायथलॉनला नाव नोंदवलं की पहिला सल्ला मिळतो तो 'आता बाकीचे खेळ बंद' हा. मुंबईत तो फारसा कोणी पाळत नाही. बुधवारी रात्रीचा टर्फवरचा (कृत्रिम गवताच्या भाड्याच्या मैदानावरचा) फुटबॉल, सोसायटीतलं बॅडमिंटन, रविवारची आझाद मैदानावरची मॅच हे सगळं सोडून तीन-चार महिने एकट्याने पोहत-पळत राहायचं म्हणजे शिक्षाच. पहिल्या रेससाठी त्याची गरजही नसते. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर म्हणजे 1.5, 40 आणि 10 किलोमीटर. इथपर्यंत खेळ आणि तयारी दोन्ही सांभाळता येतात. हाफ, म्हणजे 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर करायची असेल, तर मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. तेव्हा मॅचेस कमी कराव्याच लागतात.

1. वेळापत्रकात आधी मॅच लिहा

बहुतेक जण उलटं करतात. नेटवरून बारा आठवड्यांचा तयार प्लॅन उतरवतात आणि मग त्यात खेळ कुठे कोंबता येईल ते बघतात. पण टर्फचा स्लॉट दहा जणांच्या सोयीने ठरतो, तो तुमच्यासाठी हलणार नाही. तरणतलावाची बॅचही ठरलेल्या वेळेची. या दोन गोष्टी आधी मांडा. मग लांबची सायकल राइड. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू यांवर सायकल चालत नाही, त्यामुळे मरीन ड्राइव्ह किंवा नवी मुंबईतला पाम बीच रोड गाठायचा, तोही उजाडताना, गाड्या वाढायच्या आत. रविवारी मॅच असेल तर राइड सरळ शनिवारी न्या.

धावणं सगळ्यात शेवटी, उरलेल्या फटींमध्ये. त्याला बूट सोडून काही लागत नाही. चर्चगेटला ऑफिस असेल तर घरी जाणाऱ्या गर्दीची लोकल सोडायची, मरीन ड्राइव्हला जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर पळायचं आणि नंतरची गाडी पकडायची. बसायला जागा मिळाली तर बोनस.

2. प्रत्येक गोष्टीला मार्क द्या

क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली एक साधी रीत आहे. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं: दहापैकी किती कठीण गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटांचा फुटबॉल आणि दमणूक 8, म्हणजे 480. दोन तासांची आरामशीर सायकल, दमणूक 4, म्हणजे तेही 480. पंचेचाळीस मिनिटांचं सावकाश पोहणं, दमणूक 4, म्हणजे 180.

हे गणित वहीत मांडलं की डोळे उघडतात. 'अरे, तासभर खेळलो फक्त' असं ज्याला आपण म्हणतो, तो खेळ दोन तासांच्या राइडएवढाच पडतो. आठवड्याची बेरीज करा आणि ती एकदम उडी मारणार नाही एवढं बघा. टूर्नामेंटच्या आठवड्यात बेरीज आपोआप फुगते. मग त्या आठवड्यात पळणं कापायचं. मन खट्टू होतं, पण कापायचं.

3. मॅच कशाच्या जागी बसते ते ठरवा

सगळी गोम इथे आहे. मॅच ट्रेनिंगवर चढवायची नाही, ट्रेनिंगमधलं काहीतरी काढून तिथे बसवायची.

टर्फवरचा फुटबॉल म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंग, जोरात पळणं आणि सावरणं आलटून पालटून. धाव, थांब, वळ, पुन्हा धाव. दम लागतो, सावरतो, पुन्हा लागतो. म्हणून फुटबॉलच्या आठवड्यात ट्रॅकवरचे 400 मीटरचे फेरे नकोत. तेवढं काम झालेलं असतं.

क्रिकेट याच्या बरोबर उलट. सकाळी नऊपासून उन्हात उभं राहून माणूस थकून घरी येतो, पण हृदयाला फारसं काम पडलेलं नसतं. थकवा भरपूर आणि फायदा थोडा, असा हा सौदा. फलंदाजी लवकर आटोपली असेल तर मैदानाच्या कडेने सावकाश अर्धा तास पळून घ्या. टीममधले हसतील, हसू द्या. फास्ट बोलर असाल तर गोष्ट वेगळी. दहा ओव्हर टाकल्यावर त्या दिवशी काही पळायचं नाही.

बॅडमिंटन कशाचीच जागा घेत नाही. मजेसाठी खेळा, पण पोटऱ्यांचा हिशेब ठेवा. उड्या आणि झेपा यांचा सगळा भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतो, आणि धावण्याचाही तिथेच. कबड्डीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रेसच्या आधीच्या दोन महिन्यांत नको. पकडीत गुडघा कसा वळेल ते तुमच्या हातात नसतं.

4. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरा

धावता धावता अचानक थांबणं, वळणं यामुळे स्नायू दुखतात, पण लगेच नाही. हे दुखणं 24 ते 72 तासांत कळस गाठतं. बुधवारी रात्री खेळलात तर गुरुवारी 'काही झालं नाही' असं वाटतं आणि शुक्रवारी रेल्वेचा पूल उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून गुरुवारी पोहणं, शुक्रवारी हलकी सायकल, लांबचं धावणं रविवारी. पाण्यात पायांवर भार नसतो.

अपवाद खांद्याचा. बोलिंग, स्मॅश आणि फ्रीस्टाइल तिन्हीत हात डोक्यावरून फिरतो. भरपूर बोलिंग केल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताला पॅडल (पाणी जास्त जोराने ढकलायच्या प्लास्टिकच्या चकत्या) लावून पोहू नका. बोर्ड धरून नुसते पाय मारा.

रात्री अकराचा स्लॉट स्वस्त पडतो म्हणून घेतला असेल, तर सकाळी साडेपाचचा गजर लावू नका. झोपेतून कापलेला तास कुठल्याच खेळाच्या कामी येत नाही.

5. आडव्या हालचालींची तयारी

पोहणं, सायकल, धावणं तिन्ही सरळ रेषेत. त्यामुळे ट्रायथलॉनवाल्याचा दम दांडगा असतो, पण मांडीचा आतला भाग आणि घोटा कच्चे राहतात. दमाच्या जोरावर तो चेंडूवर झेपावतो आणि तिथेच लचकतो. आठवड्यातून दोनदा साइड लंज (बाजूला मोठं पाऊल टाकून त्या गुडघ्यात वाकणं), एका पायावर उभं राहणं, पोटरीचे व्यायाम, वीसेक मिनिटं पुरे. फुटबॉलच्या आधी 'फिफा 11+' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप करून बघा. तो दुखापती टाळण्यासाठीच बनवलेला आहे. आणि रनिंगचे जाड तळव्यांचे बूट घालून टर्फवर जाऊ नका. आडवं वळताना घोटा मुरगळायची भीती असते.

6. टीमला आधीच सांगून टाका

"कॅप्टन, या महिन्यात मी एक आड एक मॅच खेळेन, आणि फॉरवर्डला नको, मागे ठेव."

"मग गोलीच हो ना भावा!"

व्हायचं. चिडवतील, पण आयत्या वेळी ग्रुपवर 'सॉरी, पाय दुखतोय' टाकण्यापेक्षा हे बरं.

पावसाळ्यात हे सांगणं जास्त गरजेचं. 1948 साली सुरू झालेली कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा भर पावसात खेळली जाते, आणि पाऊस ओसरल्यावरच्या रेसेसची तयारीही नेमकी याच महिन्यांत येते. ओल्या मैदानावर घसरायचं, खड्ड्यात साचलेल्या पाण्यातून सायकल काढायची, असे दोन्ही धोके एकाच आठवड्यात घेऊ नका. खेळायचं असेल तर सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवा.

7. शेवटचे दोन आठवडे

आता मॅच बंद. सोसायटीतली मुलं बोलवायला आली तर अंपायर व्हा. ट्रेनिंगही कमी करायचं असतं, त्यामुळे हातात मोकळा वेळ येतो आणि पाय शिवशिवतात. बहुतेकांचा घात याच मोकळ्या वेळेत होतो. या दिवसांत सायकलवरून उतरून लगेच पळायचा छोटा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, तो एकदा करा, पंधरा मिनिटं सायकल आणि दहा मिनिटं पळणं एवढाच.

स्प्रिंट रेसनंतर आठवडाभराने मैदानात परतायला हरकत नाही, ऑलिम्पिक अंतरानंतर दोन आठवडे थांबा. पहिल्या दिवशी अर्धाच वेळ खेळा, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काय होतं त्यावरून पुढची मॅच ठरवा.