ट्रेडिंग स्ट्रॅटेजी विकत घेण्यापूर्वी तिचे वाईट दिवस तपासा

निफ्टी आणि बँक निफ्टी या शेअर निर्देशांकांच्या ऑप्शनसाठी (ठरावीक भावाने खरेदी किंवा विक्रीचा हक्क देणारे करार) तयार स्ट्रॅटेजी विकणाऱ्या जाहिरातींत नफ्याचे आकडे भरपूर असतात. तोट्याच्या दिवसांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी या स्ट्रॅटेजीने सर्वांत वाईट दिवशी किती गमावले, हा प्रश्न विक्रेत्याला सर्वांत आधी विचारावा.

यासाठी ४ जून २०२४ हा दिवस फार उपयोगाचा आहे. लोकसभा निकालाच्या त्या एका दिवशी निफ्टी सुमारे ६ टक्के कोसळला आणि आदल्याच दिवशी तो ३ टक्क्यांहून अधिक वधारला होता. ‘९० टक्के सौदे यशस्वी’ असे सांगणाऱ्या अनेक स्ट्रॅटेजी मुळात ऑप्शन विक्रीच्या असतात: बहुतेक दिवस थोडा थोडा प्रीमियम (ऑप्शनची किंमत) पदरात पडतो आणि अशा एखाद्या दिवशी कित्येक महिन्यांची कमाई निघून जाते. त्यामुळे त्या दोन दिवसांची, तसेच निफ्टी सुमारे १३ टक्के घसरला त्या २३ मार्च २०२० ची, सौद्यागणिक यादी वेळ आणि भावासह मागावी. विक्रेता टाळाटाळ करू लागला किंवा त्याचा बॅकटेस्ट (जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी चालवून पाहिलेली चाचणी) नेमका या दिवसांनंतरच सुरू होत असला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बॅकटेस्ट हाती आला, तरी त्यात ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यांवरील कर) आणि स्लिपेज (अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) वजा केले आहे का, हे पाहावे. जुन्या भावांवर शंभर सेटिंग्ज चालवून त्यांतली सर्वांत देखणी निवडता येते, हेही लक्षात असू द्यावे. इंडिकेटर (चार्टवर खरेदी-विक्रीचे संकेत दाखवणारे साधन) विकत घेणार असाल, तर आणखी एक दोष तपासावा लागतो. काही इंडिकेटर खरेदी-विक्रीचे बाण मागाहून सरकवतात किंवा पुसून टाकतात, त्यामुळे जुन्या चार्टवर प्रत्येक बाण अचूक दिसतो. यालाच रिपेंट होणे म्हणतात. बाजार चालू असताना प्रत्येक बाण उमटताच स्क्रीनशॉट घ्यावा आणि संध्याकाळी तोच चार्ट पुन्हा उघडून ताडून पाहावा. आठवडाभर हे केले की फसवा इंडिकेटर बहुधा उघडा पडतो.

नफ्याच्या स्क्रीनशॉटला मी पुरावा मानत नाही. ब्राउझरमधील आकडे मिनिटभरात बदलता येतात. शिवाय दोन खात्यांत परस्परविरुद्ध सौदे करून फक्त नफ्याचे खाते दाखवणे मुळीच अवघड नाही. स्ट्रॅटेजी स्वतः महिना-दोन महिने खरे पैसे न लावता कागदावर चालवून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि त्यासाठी वेळ न देता ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा.

परताव्याच्या दाव्याचा हिशेबही स्वतः करावा. दरमहा १० टक्के चक्रवाढीने मिळत राहिले, तर १ लाखाचे पाच वर्षांत ३ कोटींहून अधिक होतात. असे साधन हाती असलेला माणूस ते काही हजारांत का विकेल? सेबी या शेअर बाजार नियामकाच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

मोबदला घेऊन खरेदी-विक्रीचा सल्ला देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी असावी लागते. रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ने, तर गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो. आतले नियम न सांगणारा ‘ब्लॅक बॉक्स’ अल्गो (आपोआप सौदे करणारा संगणक प्रोग्राम) देणाऱ्यानेही रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी करावी, असे सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात म्हटले आहे. मात्र केवळ क्रमांक पाहून थांबू नये, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक जाहिरातीत छापणारेही असतात. सेबीच्या संकेतस्थळावर ते नाव शोधावे आणि तिथे दिलेल्या ईमेलवर किंवा फोनवरच संपर्क साधून खात्री करावी. नोंदणी असूनही कोणी खात्रीशीर परतावा सांगत असेल, तर तो नियम मोडतो आहे. पैसे एखाद्या खासगी व्यक्तीच्या खात्यात मागितले, तर देऊ नयेत. नोंदणीकृत संस्थांच्या यूपीआय आयडीत आता ‘@valid’ असते आणि तो आयडी खरा आहे का, हे सेबीच्या ‘सेबी चेक’ सुविधेवर पडताळता येते. डीमॅट खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी तर कोणालाही देऊ नये.

फसवणूक झालीच, तर विक्रेत्याचे चॅनेल नाहीसे होण्याआधी संभाषण, जाहिराती आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करावी. विक्रेता नोंदणीकृत असेल, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.