नेटबँकिंग करताना या चुका टाळा: कुलूप दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका

देवगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आंब्याच्या हंगामात खात्यातून पैसे गेलेली माणसं माझ्याकडे जास्त येतात. त्या दिवसांत खात्यात पैसा असतो आणि अनोळखी गिऱ्हाइकाचा मेलही लगेच उघडला जातो. चुका मात्र दरवर्षी त्याच.

मला सगळ्यात छळणारी चूक म्हणजे ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारचं कुलूप पाहून डोळे मिटणं. ते कुलूप एवढंच सांगतं की तुमचा ब्राउझर आणि त्या साइटचा सर्व्हर यांच्यामधला रस्ता सुरक्षित आहे. बँकिंग ट्रोजन, म्हणजे बँकेचे तपशील चोरायला कॉम्प्युटरमध्ये लपून शिरलेला प्रोग्रॅम, रस्त्यात थांबतच नाही, तो ब्राउझरमध्ये बसतो. २००७ साली उघडकीला आलेला झ्यूस नावाचा ट्रोजन हेच करायचा: तुम्ही भरलेला पासवर्ड कूटबद्ध होऊन बाहेर पडण्याआधीच उचलायचा. शिवाय बँकेचं खरं पान उघडलं की त्यात स्वतःच्या चौकटी घुसवायचा. २०११ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, फुटला आणि त्यातून पुढे बरेच ट्रोजन निघाले.

आमच्या ओळखीचे एक बागायतदार काका. मोठ्या ऑर्डरचे पैसे पाठवल्याचा मेल आला, सोबत वर्डची फाइल. फाइलमध्ये लिहिलं होतं, मजकूर दिसत नसेल तर वरच्या पिवळ्या पट्टीवरचं ‘एनेबल कंटेंट’ दाबा. नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, पण काकांचं ऑफिस त्याहून जुनं. त्यांनी दाबलं आणि ट्रोजन आत आला. दोन दिवसांनी बँकेच्या साइटवर लॉगिन केल्यावर नवीनच चौकट आली: सुरक्षा पडताळणीसाठी कार्ड नंबर, पिन आणि ओटीपी भरा. पत्ता बरोबर, कुलूप जागेवर. ओटीपीच्या मेसेजमध्ये किती रुपये चालले आहेत ते लिहिलेलं होतं. काकांनी फक्त सहा आकडे वाचले.

म्हणून मी येईल त्याला सांगतो, ओटीपीचा मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचा. रक्कम किती, कुणाला, कशासाठी. दहा सेकंद लागतात. ज्याला दहा सेकंद नाहीत त्याने बँकेच्या शाखेत जाऊन रांग लावावी.

दुसरी चूक काकांनी पैसे गेल्यावर केली आणि ती मला जास्त लागली. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला. एकदा नाही, “तीनदा बदललंय रे झिला!” तीनही पासवर्ड चोराला पोचले असणार, कारण चोर आत बसलेला होता. मशीनमध्ये ट्रोजन शिरल्याची शंका आली की मी आधी नेटची वायर काढतो, वायफाय बंद करतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग आणि कार्ड बंद करायचं, त्यानंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. नवे पासवर्ड स्वच्छ मशीनवरूनच, आणि त्यात ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीच्यांचे रीसेट तिथेच येतात.

यानंतर लोक विचारतात, स्कॅन करून देशील का? नाही. नुसतं स्कॅन करून मी असलं मशीन परत देत नाही. फोटो आणि बिलं काढून घेतो, सेटअपच्या फाइली टाकून देतो आणि विंडोज नव्याने घालतो. अर्धा दिवस जातो. घाई असणाऱ्याने माझ्याकडे येऊ नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर विसंबू नका, माऊसच्या क्लिकसरशी पडद्याचं चित्र टिपायची सोय झ्यूसमध्येही होती. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारं क्रॅक सॉफ्टवेअर घालू नका. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. रोजचं काम विंडोजच्या अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेल्या) खात्यातून नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर बँक उघडू नका. आणि शिल्लक त्याच पडद्यावर तपासून समाधान मानू नका: २००९ मधला यूआरएलझोन हा ट्रोजन गेलेले पैसे खातेउताऱ्यातून लपवायचा. मी शिल्लक फोनवर किंवा पासबुकात पाहतो.

बँकेला कळवायला मात्र एक तासही थांबू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातलेला नियम असा होता: चूक ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा नंबर कागदावर लिहून ठेवा. काकांनी फोन केला तो तिसऱ्या दिवशी, पेट्यांचा ट्रक रवाना झाल्यावर. दुसऱ्यांदा पैसे गेले होते ते आदल्या रात्री.