एसईओचा क्लायंट सांभाळताना: नागपुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

एसईओ म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचं काम. त्यातलं कीवर्ड शोधणं, टायटल लिहिणं, सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) वाचणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. हे सगळं शिकता येतं. क्लासमध्ये सांगत नाहीत ते वेगळंच आहे: वेबसाइट तुमची नसते, गूगल तुमचं नसतं, आणि जाब मात्र तुम्हालाच विचारला जातो. महिन्याचा रिपोर्ट पाठवायच्या आदल्या रात्री मला आजही नीट झोप लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "काय भाऊ, पहिल्या नंबरवर कधी येऊन राहिली आपली साइट?" इथे तारीख देऊ नका. काम हातचं जाईल या भीतीनेही देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्षभर लागतं, हेही त्यांचंच म्हणणं. ते पान मोबाइलवर उघडून समोर ठेवा. त्यानंतरही ज्याला हमीच हवी असेल, त्याला जाऊ द्या.

नंबर मोजायचा कसा, हेही त्याच बैठकीत ठरवा. इतवारीतला सराफ गादीवर बसून 'ज्वेलर्स नियर मी' शोधतो आणि स्वतःचंच दुकान वर पाहून खूश होतो. रात्री मनीष नगरला घरी जाऊन तेच शोधतो, दुकान दिसत नाही, की लगेच फोन. नकाशातले निकाल शोधणारा कुठे उभा आहे त्यावरही ठरतात, हे त्याला समोर दोन ठिकाणांहून शोधून दाखवा. नुसतं तोंडी सांगून पटत नाही. मी तर काउंटरवर एक वही ठेवायला सांगतो. नवं गिऱ्हाईक आलं की "आमच्याबद्दल कुठून कळलं?" विचारायचं आणि लिहायचं. गूगल बिझनेस प्रोफाइलवरचे (नकाशात दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीवरचे) कॉल आणि ही वही शेजारी ठेवली की बोलणं सरळ होतं.

आता मुख्य गोष्ट. क्लायंट साइट बदलतो आणि तुम्हाला सांगत नाही.

ताडोबा-पेंचच्या सफारी लावून देणारे एक क्लायंट होते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, सिल्लारी अशी प्रत्येक गेटची वेगळी पानं खपून वर आणली होती. दिवाळीच्या बुकिंगच्या तोंडावर त्यांच्या भाच्याच्या ओळखीतल्या डेव्हलपरने नवी साइट चढवली. साइट देखणी होती, पोराचा हेतूही चांगला होता. पण दोन गोष्टी झाल्या. एक, सगळ्या गेटची पानं जाऊन 'अवर टूर्स' असं एकच पान आलं. जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे आपोआप वळवणारे ३०१ रीडायरेक्ट नव्हते, त्यामुळे गूगलवरून येणारा माणूस थेट ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' वर. दोन, वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगच्या पानावर तळाशी 'डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट' असा चौकोन असतो. साइट बनत असताना त्यावर टिक करतात, ती तशीच राहिली. त्या एका टिकमुळे प्रत्येक पानावर नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' अशी सूचना, लागतो.

यातला खरा धोका असा की पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. गूगल एकेक पान आपल्या सवडीने पुन्हा वाचतं, म्हणून पानं एकेक करून गळतात. साइट उघडते, फोटो दिसतात, क्लायंट नातेवाइकांना लिंक पाठवत असतो. बुकिंग आटलं की तुम्हाला फोन: "तुम्ही काय केलं जी वेबसाइटले?" तुम्ही काहीच केलेलं नसतं, पण त्या महिन्याचे पैसे तुम्ही घेतलेले असतात.

दुरुस्ती होते, हे आधी सांगतो, घाबरू नका. टिक काढायची. जुन्या प्रत्येक पानाला त्याच विषयाच्या नव्या पानाकडे वळवायचं. सगळी होमपेजवर ढकलली तर गूगल त्यांना सापडलीच नाहीत असं धरतं. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवायचे. साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, गूगलला नव्याने द्यायचा. आमची पानं परत आली. हंगाम मात्र गेला.

क्लायंटला पटवायला सर्च कन्सोलचा 'पेजेस' रिपोर्ट कामी आला. 'एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स टॅग'चा आलेख नवी साइट चढल्यापासूनच चढायला लागला होता. स्क्रीनवर तारखा दिसल्यावर ते शांत झाले. पण पूर्वीसारखा मोकळेपणा पुन्हा आला नाही.

म्हणून करारात एक ओळ घाला: पानांचे पत्ते, थीम, होस्टिंग, प्लगइन, मेनू यातलं काहीही बदलायच्या आठ दिवस आधी मला कळवायचं. करार नसेल तर मेल, मेल नसेल तर व्हॉट्सअॅप, पण लिहून. आणि पहिल्याच आठवड्यात डेव्हलपरला स्वतः फोन करा. क्लायंटमार्फत नको. तो तुमचा शत्रू नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की जुन्या पत्त्यांना किंमत आहे. साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी दर महिन्याला काढून ठेवा. दर सोमवारी मुख्य पानांच्या सोर्स कोडमध्ये नोइंडेक्स आलाय का बघा. दोन मिनिटांचं काम आहे. परत सांगतो, दर सोमवारी.

डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल, सगळ्याची मालकी क्लायंटच्या ईमेलवर असू द्या. तुम्ही मॅनेजर किंवा यूजर म्हणून आत या. सर्च कन्सोल जोडलेलं नसेल तर पहिल्याच दिवशी जोडा. ते १६ महिन्यांचाच डेटा ठेवतं, आणि तुलना करायला तुम्हाला गेल्या वर्षीचा तोच महिना लागणार आहे. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, बंद असतो, शोध आपोआप उतरतात. जूनशी तुलना केलेला रिपोर्ट पाठवलात तर तुमचंच काम खराब दिसेल.

शॉर्टकटबद्दल माझं मत ठाम आहे. घाऊक बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) विकणाऱ्यांपासून लांब राहा. २०१२ च्या 'पेंग्विन' या अपडेटपासून गूगल या लिंकांच्या मागे आहे. मार्च २०२४ पासून ढिगाने पाडलेली पानंही त्यांच्या स्पॅम धोरणात स्पष्ट नावानिशी आली, ती माणसाने लिहिलेली असोत की एआयने. यात साइट क्लायंटची बुडते. तो माणूस त्या साइटवर घर चालवतो, हे विसरू नका. विकतचे रिव्ह्यूही नकोत.

गुरू निवडताना वर जाणारे आलेख दाखवणाऱ्याला विचारा, तुमचा कोणता क्लायंट सोडून गेला आणि का. उत्तर टाळलं तर फी भरू नका. माझ्या मते कोर्सपेक्षा एखाद्या लहान एजन्सीत वर्षभर क्लायंटचे फोन घेणं जास्त शिकवतं. पगार कमी मिळेल, तरी जा.

पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या. "दिवाळीनंतर पाहू" हे नागपुरात प्रेमाने म्हणतात, पण तोवर तुमचं घरभाडं थांबत नाही. संकोच वाटतो, मलाही वाटायचा. रक्कम आणि तारीख पहिल्या मेलमध्ये लिहिली की दर महिन्याला तोंड उघडावं लागत नाही.

क्लायंट सोडून निघाला तर पासवर्ड अडवून पैसे मागू नका. काय काय केलं, कोणते रीडायरेक्ट चालू ठेवायचे, कोणती पानं अर्धवट आहेत, याची यादी द्या आणि आपला अॅक्सेस आपणच काढा. राहिलेलं बिल त्याच मेलला जोडा, देय तारखेसकट.