एकच चाचणी विंडोज, लिनक्स आणि मॅकवर सारखी कशी चालवावी

रावेर-यावलकडच्या केळीच्या गाड्यांची नोंद ठेवणारी एखादी प्रणाली जळगावात विंडोजच्या संगणकावर तयार होते, तिथे तिच्या सगळ्या चाचण्या, म्हणजे प्रणाली बरोबर चालते का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, उत्तीर्ण होतात आणि लिनक्सच्या सर्व्हरवर त्याच चाचण्या नापास होतात. अशा वेळी बहुधा प्रणालीचे गणित चुकलेले नसते. चाचणीने त्या संगणकाची एखादी सवय गृहीत धरलेली असते. ते गृहीतक शोधून चाचणीतच स्पष्ट लिहावे लागते.

सुरुवात फाइलींपासून करावी. फोल्डरचा मार्ग तिरप्या रेघा जोडून हाताने लिहू नये, कारण विंडोजची रेघ इतरांपेक्षा उलट्या दिशेची असते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी पाथलिब हे तयार साधन आहे. विंडोज आणि मॅक सहसा फाइलींच्या नावांत इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानत नाहीत, लिनक्स मानतो, म्हणून नावे सरसकट लहान अक्षरांत ठेवावीत. ओळ संपल्याची खूण विंडोजवर दोन चिन्हांची आणि इतरत्र एकाच चिन्हाची असते. ती गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये एकदाच ठरवून द्यावी. उघडी फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही, तेव्हा ती आधी बंद करावी.

मराठी मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. फाइल उघडताना यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची संकेतपद्धती स्पष्ट नमूद करावी, कारण पायथनच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्या विंडोजवर प्रादेशिक सेटिंगप्रमाणे जुनी संकेतपद्धती निवडतात. शिवाय ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली की वेगळे ठरतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे सुट्या संकेतांतच साठवत असे. त्यामुळे तुलनेपूर्वी दोन्ही बाजू एनएफसी रूपात, म्हणजे असे सुटे संकेत जोडून घेणाऱ्या युनिकोडच्या प्रमाण रूपात, आणाव्यात. काही कळफलक हाच आकार ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितात. तो फरक एनएफसीने मिटत नाही, म्हणून कोणते रूप वापरायचे ते ठरवून दुसरे स्वतः बदलून घ्यावे.

वेळेचेही तसेच आहे. रावेरहून पहाटे चार वाजता निघालेल्या गाडीची नोंद यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाची होते आणि तारीखच बदलते. म्हणून चाचणीला ‘आत्ताची वेळ’ विचारू देऊ नये. ठरावीक क्षण आणि एशिया/कोलकाता हा कालविभाग स्वतः पुरवावा. विंडोजवर झोनइन्फो या पायथनच्या कालविभाग-साधनासाठी टीझेडडेटा हे पॅकेज वेगळे बसवावे लागते.

यानंतर गिटहब अ‍ॅक्शन्स या आपोआप चाचण्या चालवणाऱ्या ऑनलाइन सेवेत मॅट्रिक्स, म्हणजे कार्यप्रणालींची यादी, मांडून प्रत्येक बदलागणिक चाचण्या तिन्ही कार्यप्रणालींवर चालवाव्यात. सार्वजनिक प्रकल्पांसाठी तिथली नेहमीची यंत्रे मोफत आहेत, त्यामुळे धुळे किंवा नंदुरबारच्या ज्या विद्यार्थ्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्यालाही हे जमते. एखाद्या कार्यप्रणालीवर चाचणी नापास झाली म्हणून ती तिथे वगळून टाकू नये. तपासायची सोय त्या कार्यप्रणालीवर मुळातच नसेल तेवढ्यापुरतेच वगळावे आणि त्याचे कारण शेजारीच लिहावे.