तार आणि दोऱ्यातून सागरी सेतू

वास्तूवरून तारेचे शिल्प करायचे म्हटले की मुंबईत बहुतेकांचे लक्ष प्रथम छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेल्या त्या इमारतीचे वैभव घडीव दगडात आणि कोरीवकामात आहे; ते तारेत उतरवू गेल्यास हाती केवळ बाह्यरेषा लागते. तार आणि दोरा या जोडीला अशी वास्तू शोभते, जिचा एक भाग भार पेलतो आणि दुसरा ताण घेतो. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू तसा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी वांद्र्याच्या किल्ल्यावरून सेतू नीट पाहावा. मोठ्या मनोऱ्याचे पाय खाली सुटे असून वर एका खांबात मिळतात, आणि रस्ता तोलून धरणाऱ्या केबल त्या खांबावरील एकाच बिंदूतून न निघता वेगवेगळ्या उंचीवरून निघतात. एवढ्या दोन गोष्टी कागदावर रेखाटल्या तरी पुरे.

साहित्यात १८ मिमी जाडीचा, ५० बाय २० सेंमीचा प्लायवुड, ३ मिमी आणि अर्ध्या मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, क्रोशाचा पांढरा सुती दोरा, राखाडी लोकर, पक्कड आणि ड्रिल लागेल. अब्दुल रहमान स्ट्रीटवरील हस्तकला-साहित्याच्या दुकानांत यांतील बरेचसे मिळते. बांधकामावरची लोखंडी बाइंडिंग वायर स्वस्त असली तरी घेऊ नये. मुंबईच्या दमट हवेत ती गंजते आणि गंजाचे डाग दोऱ्यावर उतरतात. केबलसाठी लोकरही टाळावी, कारण ती ताणली जाते आणि काही दिवसांतच सैल पडते.

मनोऱ्यासाठी जाड तारेचे ३६ सेंमीचे चार तुकडे घ्यावेत. चारही एकत्र धरून वरचा १२ सेंमीचा भाग पकडीने पिळावा. पिळल्याने ॲल्युमिनियम कडक होते आणि खांब ताठ उभा राहतो. खालची चार टोके पाय म्हणून फाकवावीत. पायांमध्ये रुंदीच्या दिशेने १२ सेंमी आणि लांबीच्या दिशेने ५ सेंमी अंतर ठेवून प्लायवुडच्या मध्यभागी दीड सेंमी खोल छिद्रे पाडावीत आणि पाय फेव्हिकॉल लावून त्यांत बसवावेत. पायांवर राखाडी लोकर घट्ट गुंडाळल्यास काँक्रीटचा भरीवपणा येतो.

रस्त्यासाठी ६० सेंमीच्या दोन तारा घेऊन त्यांची टोके प्रत्येकी १० सेंमी खाली वाकवावीत. एकमेकींपासून ६ सेंमी अंतरावर त्या मनोऱ्याच्या पायांमधून नेऊन टोके प्लायवुडमध्ये रोवावीत, म्हणजे रस्ता साधारण साडेआठ सेंमी उंचीवर येतो. मध्ये काही आडव्या तारा बांधाव्यात.

दोरा गुळगुळीत तारेवरून घसरतो, म्हणून खांबाच्या वरच्या भागावर आणि रस्त्याच्या दोन्ही कडांवर बारीक तार वेढ्यांनी गुंडाळावी. शेजारच्या दोन वेढ्यांमधल्या खाचेत दोरा बसला की तो जागचा हलत नाही. खांबावर टोकापासून २ सेंमी सोडून दर सेंटिमीटरला एक, अशा आठ खुणा कराव्यात. रस्त्यावर मनोऱ्यापासून दोन्ही बाजूंना ४ सेंमीपासून १८ सेंमीपर्यंत दर २ सेंमीला एक.

आता या कामातला सर्वांत नाजूक भाग येतो. सुमारे ८० सेंमीचा दोरा रस्त्याच्या एका बाजूच्या खुणेला बांधून, खांबाला एक वेढा देऊन, त्याच कडेवर मनोऱ्याच्या पलीकडे तितक्याच अंतरावर असलेल्या खुणेपर्यंत न्यावा. मनोऱ्याजवळची खूण खांबावरील सर्वांत खालच्या खुणेशी आणि सर्वांत दूरची खूण सर्वांत वरच्या खुणेशी जोडावी. आतून बाहेरच्या दिशेने जावे, आणि एका कडेचा दोरा झाला की लगेच दुसऱ्या कडेचा त्याच जागेचा दोरा ओवावा. प्रत्यक्ष केबल-पुलाच्या बांधणीतही मनोऱ्याच्या दोन्ही अंगांचा तोल असाच राखतात. एक अंग आधी पुरे केल्यास खांब त्या बाजूला झुकतो.

बाहेरचे दोरे ताणले की आतले ढिले पडतात, तेव्हा सर्व सोळा दोरे ओवून होईपर्यंत गाठी कच्च्या ठेवाव्यात. मग प्रत्येक दोरा बोटाने छेडून पाहावा. जो नुसता लोंबतो, तो ओढून घ्यावा, आणि शेवटी गाठी पक्क्या करून प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब सोडावा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो.

खांब मधोमध उभा आणि रस्त्याच्या कडा त्याच्यापासून थोड्या बाजूला असल्यामुळे ओळीने ओवलेले दोरे एका प्रतलात राहत नाहीत. प्रत्येक दोरा सरळ असूनही सर्वांचा मिळून पिळदार वक्र पडदा तयार होतो, आणि हेच या शिल्पाचे खरे सौंदर्य आहे. म्हणून खाली निळ्या लोकरीचा समुद्र किंवा वर गाड्या लावण्याचा मोह आवरावा. त्यांनी नजर दोऱ्यांवरून हटते. धूळ झटकताना कापड वापरू नये, ते बारीक तारेत अडकते. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश दोऱ्याच्या दिशेने वरून खाली फिरवावा.