गॅदरिंगला ‘इन्स्पेक्टर जनरल’ बसवताय? मग एवढं बघून ठेवा

आधी स्क्रिप्ट. रशियन लेखक गोगोलचं मूळ नाटक 1836 चं, पाच अंकी, आणि आपल्याला गॅदरिंगमधे चाळीस मिनिटं मिळाली तरी नशीब कारण मागं डान्सवाले रांग लावून असतात. त्यामुळं कापावं लागतंय. पुलंचं ‘अंमलदार’ ह्यावरूनच आलंय, ते घेणार असाल तर परवानगीचं पत्र आधीच टाका, रंगीत तालमीला आठवण नको.

गोष्ट अशी की तपासणीला साहेब येणार म्हणून गावातले अधिकारी घाईनं सगळं झाकपाक करतात, अन् लॉजवर उतरलेल्या एका पोरालाच तो साहेब समजून बसतात. त्याला पैसे देतात तो सीन मात्र कापू नका. तो पोरगा मोठा साहेब नसतोच, लॉजचं बिल थकलेला साधा कारकून, आणि लाच मागत पण नाही, ‘उसने’ मागतो. जज्ज 300 रुबल देतो, पोस्टमास्तर 300, शाळांचा अधिकारी 300, दवाखान्यावाला 400, अन् बॉबचिन्स्की-डॉबचिन्स्की ह्या गावातल्या दोन जमीनदारांकडं हजार मागितले तर दोघांचे खिसे झाडून 65 निघतात. लेकरं इथंच खुलतात. (शाळा अधिकाऱ्याचा रोल काढा असं आम्हाला आडून सुचवण्यात आलं होतं, आम्ही ऐकू न आल्यासारखं केलं.)

गाव रशियातलंच राहू द्या. इथल्या कुणाची लकब उचलली की लोक त्या एका माणसावरच हसत बसतात, अन् नंतर निस्तरायचं आपल्याला. पुढच्या सोफ्यावरच्या मंडळींना कळायचं ते कळतंय.

ड्रेपरी म्हणजे बँडवाल्याचे झालर लावलेले कोट, एकदम रशियन दिसतात, पण लग्नाची तिथी नाही ते बघून तारीख धरा. पोस्टमास्तर दुसऱ्याची पत्रं फोडतो, तर लाखेचं पाकीट दर तालमीला नवीन लागतं, पाच-सहा करून ठेवा. कोर्टात पाळीव हंस फिरतात असा उल्लेख आहे म्हणून खरा पक्षी आणू नका, आम्ही कोंबडी आणली, ती पाहुण्यांच्या पायात. जनरेटर डिझेलसकट ठरवा. माईकचं डेकोरेशनवाला बघतो.

सगळ्यात जास्त वेळ शेवटाला द्या. खरा अधिकारी आलाय असा निरोप येतो आणि सगळे जागच्या जागी थिजतात, गोगोलनं लिहूनच ठेवलंय की जवळजवळ दीड मिनिट हलायचं नाही. घड्याळ लावून बघा म्हणजे कळंल किती असतंय ते! आमची आठवीची पोरं विसाव्या सेकंदाला खुदकायची, म्हणून पहिल्या दिवसापासून रोज प्रार्थनेनंतर तेवढंच करून घेतलं. पडदा ओढणाऱ्याला पण सोबत बसवा, त्यालाच घाई असते.

आणि एक. पाहुणे येणार म्हणून आमच्याकडं त्याच आठवड्यात भिंतींना चुना मारायला काढला, पोरं तालीम सोडून बघायलेत, एक म्हणतंय सर हे तर आपल्या पहिल्या अंकात आहे की. चुना ओला असतो, कोटाला लागला की बँडवाला डिपॉझिट देत नाही, तेवढं लेकरांना भिंतीला टेकू देऊ नका.