वेलाला फुलं मायंदाळ, पण फळ का धरत नाही?

सोलापूरच्या उन्हात काकडी, दोडका, दुधी लावणाऱ्यांची दरवर्षीची तक्रार: वेल फुलांनी भरलाय, पण फळ गळतंय. मग दुकानातून टॉनिक येतं. त्याआधी दोन दिवस वेलाजवळ बसा.

आधी फूल ओळखा. नुसत्या देठावर असेल ते नर. पाकळ्यांखाली इवलीशी काकडी किंवा भोपळ्याची गोटी दिसली, तर मादी. सुरुवातीला बहुतेक नरच येतात. त्यांना वांझ समजून खुडू नका, पराग त्यांच्यातच असतो.

गळालेलं कोवळं फळ उचलून चिरा. आत अळी असेल तर ती फळमाशीची. क्यू-ल्यूरचे, म्हणजे नर फळमाशीला वासानं ओढणारे सापळे लावा. अळी नसेल आणि फळ पिवळं पडून सुकलं असेल, तर बहुधा पराग पोचलेला नाही. एका टोकाला बारीक राहिलेली वाकडी काकडीही बऱ्याचदा त्याचीच खूण.

आता फुलाची वेळ. खरी चूक इथं होते. लाल भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन चढलं की मिटतो. काकडी, कलिंगड सकाळचं. दोडका आणि दुधी मात्र दिवस कलल्यावर फुलतात, दुधीवर तर रात्रीचे पतंग येतात. ‘मधमाशा वाचवायच्या तर औषध संध्याकाळी फवारा’ हा सल्ला काकडीला बरोबर, दोडक्याला उलटा. मी स्वतः दोन हंगाम दोडक्यावर तिन्हीसांजेला फवारत होतो आणि बियाण्याला नावं ठेवत होतो. दोडक्यावर फवारायचंच झालं तर रात्रीची फुलं कोमेजल्यावर, आणि शेजारी काकडी फुलावर नसेल तेव्हाच.

पाच-दहा वेल असतील तर हातानं परागीकरण करा. ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढा, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या गाठीवर सगळीकडून हलकेच फिरवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. केलेल्या फुलाला खुणेसाठी लोकरीचा धागा बांधा. भोपळ्याचं हे काम सकाळी नऊच्या आत उरका, दोडक्याला संध्याकाळी जा.

शेत मोठं असेल तर एकरी दोन मधपेट्या ठेवा. त्या फुलोरा सुरू झाल्यावरच आणा. आधी आणल्या तर माश्या दुसऱ्याच पिकाची वाट धरतात. पेट्या रात्री हलवाव्यात आणि सावलीत ठेवाव्यात. एप्रिल-मेमध्ये जवळ उथळ घमेल्यात पाणी ठेवा आणि बसायला त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात.

आणि बांध पेटवू नका. कित्येक रानमाश्या त्याच मातीत बिळं करून राहतात. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. वांग्याच्या फुलाला धरून तो अंग थरथरवतो तेव्हा पराग झडतो; पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही. म्हणून बांधावरचा एखादा वाळका ओंडका तसाच राहू द्या.